विश्लेषण : सिएटलच्या एका ‘जिल्हा न्यायाधीशा’ने ट्रम्प यांचा आदेश कसा रोखला?

डोनाल्ड ट्रम्प यांनी २० जानेवारी २०२५ रोजी दुसऱ्यांदा राष्ट्राध्यक्षपदाची शपथ घेतली आणि त्याच दिवशी जन्मसिद्ध नागरिकत्वाला कात्री लावणाऱ्या आदेशावर सही केली. आई अमेरिकेत बेकायदा राहत असेल किंवा तात्पुरत्या व्हिसावर असेल, आणि वडील ना नागरिक ना ग्रीन कार्डधारक असतील, तर अमेरिकेत जन्मलेल्या बाळाला यापुढे नागरिकत्व मिळणार नाही, असा हा आदेश. तो महिनाभरानंतर जन्मणाऱ्या बाळांना लागू होणार होता. पण तीनच दिवसांत सिएटलमधील न्यायाधीश जॉन कॉफेनॉर यांनी तो धडधडीत घटनाबाह्य ठरवत त्याला तात्पुरती स्थगिती दिली. जगातल्या सर्वांत ताकदवान समजल्या जाणाऱ्या पदावरच्या माणसाचा आदेश एक ‘डिस्ट्रिक्ट जज’ अडवतो, हे अनेकांना चमत्कारिक वाटले.

‘डिस्ट्रिक्ट जज’ म्हणजे आपले जिल्हा न्यायाधीश का?

नाही, आणि निम्मा गोंधळ या नावामुळेच होतो. भारतात न्यायालयांची शिडी एकच आहे. साताऱ्याच्या जिल्हा न्यायालयातून मुंबई उच्च न्यायालय आणि तिथून सर्वोच्च न्यायालय. अमेरिकेत अशा दोन शिड्या शेजारी शेजारी उभ्या आहेत. प्रत्येक राज्याची स्वतःची न्यायालये आहेत. खून, चोऱ्या, घटस्फोट, भाडेकरूंचे वाद असे रोजचे बहुतेक खटले तिथेच चालतात. दुसरी शिडी केंद्राची, म्हणजे फेडरल न्यायालयांची. तिची पहिली पायरी म्हणजे ९४ डिस्ट्रिक्ट कोर्ट, त्यावर १३ अपील न्यायालये आणि सगळ्यात वर नऊ न्यायाधीशांचे सुप्रीम कोर्ट. संघराज्याचे कायदे, राज्यघटना आणि राष्ट्राध्यक्षांचे आदेश यांवरचे वाद बहुतांशी याच शिडीने वर जातात. कॉफेनॉर हे या दुसऱ्या शिडीवरचे न्यायाधीश.

त्यांची नेमणूक १९८१ मध्ये रोनाल्ड रेगन यांनी केली होती, म्हणजे ट्रम्प यांच्याच रिपब्लिकन पक्षाच्या राष्ट्राध्यक्षाने. आदेश रोखला तेव्हा ते ८३ वर्षांचे होते. आपल्याकडे उच्च न्यायालयाचे न्यायाधीश ६२ व्या वर्षी आणि सर्वोच्च न्यायालयाचे ६५ व्या वर्षी निवृत्त होतात. अमेरिकेत फेडरल न्यायाधीशाला निवृत्तीचे वयच नाही. राष्ट्राध्यक्ष नाव सुचवतात, सिनेट मंजुरी देते आणि त्यानंतर महाभियोगाखेरीज कोणी त्यांना हटवू शकत नाही. पदावर असेपर्यंत पगारही कमी करता येत नाही. सिनेटने महाभियोगात दोषी ठरवून घरी पाठवलेले फेडरल न्यायाधीश सव्वादोनशेहून अधिक वर्षांत अवघे आठ. नेमणुकीत राजकारण भरपूर चालते, पण एकदा नेमल्यावर नेमणाऱ्याच्या हातात फारसे काही उरत नाही.

मग कोणीही उठून असा खटला भरू शकतो का? तेही नाही. आपल्याकडची जनहित याचिका तिथे चालत नाही. स्वतःचे नेमके नुकसान दाखवावे लागते. या प्रकरणात गर्भवती महिला न्यायालयात गेल्या आणि राज्येही गेली. नवजात बाळे नागरिक ठरली नाहीत तर आरोग्य योजनांसाठी केंद्राकडून मिळणारा पैसा बुडेल, असे राज्यांचे म्हणणे होते.

घटना काय म्हणते?

१८५७ मध्ये ड्रेड स्कॉट खटल्यात अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने कृष्णवर्णीय माणसे देशाची नागरिक होऊच शकत नाहीत, असा निकाल दिला. यादवी युद्धानंतर १८६८ मध्ये झालेल्या चौदाव्या घटनादुरुस्तीने तो पुसून टाकला. अमेरिकेत जन्मलेली आणि अमेरिकेच्या अधिकारकक्षेत असलेली प्रत्येक व्यक्ती नागरिक आहे, असे ही दुरुस्ती सांगते. भांडण ‘अधिकारकक्षेत असलेली’ या शब्दांवर आहे.

ते पहिल्यांदा पेटले चिनी कुटुंबांवरून. वाँग किम आर्क यांचा जन्म सॅन फ्रान्सिस्कोचा, आईवडील चिनी. १८९५ मध्ये ते चीनहून परतले तेव्हा त्यांना बंदरावरच अडवले गेले, कारण चिनी मजुरांना देशात बंदी होती. १८९८ मध्ये सुप्रीम कोर्टाने ६ विरुद्ध २ मतांनी सांगितले की ते जन्माने अमेरिकी नागरिक आहेत. परकीय राजदूतांची मुले अशा मोजक्या अपवादांखेरीज हाच नियम पुढे चालू राहिला. ट्रम्प प्रशासनाचे म्हणणे असे की वाँग यांचे आईवडील तिथे कायमचे स्थायिक होते, तात्पुरत्या व्हिसावर किंवा बेकायदा आलेले नव्हते, म्हणून तो निकाल यांना लागू नाही.

हा युक्तिवाद भारतीयांच्या थेट घरात शिरतो. दरवर्षी मंजूर होणाऱ्या एच-१बी अर्जांपैकी सत्तर टक्क्यांहून अधिक भारतीयांचे असतात. नोकरीवर आधारित ग्रीन कार्डात एका देशाला साधारण सात टक्क्यांचीच मर्यादा असल्याने भारतीयांची रांग वर्षानुवर्षे हलत नाही. कागदोपत्री ‘तात्पुरते’ असलेले पुण्या-नागपूरचे जोडपे तिथे दहा-पंधरा वर्षे राहते, कर भरते, घर घेते. आदेशाच्या लेखी त्यांचे बाळ आणि पर्यटक व्हिसावर आलेल्या बाईचे बाळ सारखेच.

भारतानेही जन्मसिद्ध नागरिकत्वाचा नियम बदलला आहे. १ जुलै १९८७ पर्यंत भारतात जन्म पुरेसा होता. त्यानंतर आईवडिलांपैकी एक भारतीय असणे आवश्यक झाले आणि ३ डिसेंबर २००४ पासून अट आणखी कडक झाली. यावर अमेरिकेइतका घटनात्मक गदारोळ झाला नाही, कारण आपल्या घटनेने हा विषय संसदेच्या साध्या कायद्यावर सोडला आहे. अमेरिकेत तो घटनेतच कोरलेला आहे. तो बदलायचा तर काँग्रेसच्या दोन्ही सभागृहांत दोन तृतीयांश मते आणि ५० पैकी ३८ राज्यांची संमती लागते. ती मिळणे आज जवळपास अशक्य. म्हणूनच आदेशाचा आडमार्ग.

सुप्रीम कोर्टाने मग काय केले?

इथे गोष्टीला वळण मिळाले. सिएटलपाठोपाठ मेरीलँड आणि मॅसॅच्युसेट्समधील न्यायाधीशांनीही आदेश रोखला. प्रशासन सुप्रीम कोर्टात गेले, पण मुख्य प्रश्न बाजूला ठेवून. आदेश घटनेला धरून आहे का, हे त्यांनी विचारलेच नाही. एका न्यायाधीशाची मनाई अख्ख्या देशाला कशी लागू होते, एवढेच विचारले. वकिली डाव म्हणून तो चलाख होता आणि लागूही पडला.

२७ जून २०२५ रोजी ६ विरुद्ध ३ मतांनी निकाल आला. ट्रम्प यांनीच नेमलेल्या एमी कोनी बॅरेट यांनी तो लिहिला. घटनेत नाव आहे ते फक्त सुप्रीम कोर्टाचे. खालची न्यायालये काँग्रेसने कायद्याने उभारली आणि १७८९ च्या त्या कायद्याने दिले तेवढेच त्यांचे अधिकार. खटल्यात नसलेल्या लोकांनाही संरक्षण देणारी मनाई त्यात बसत नाही, असे बहुमताचे मत पडले. डेमोक्रॅट राष्ट्राध्यक्षांचे निर्णयही अशाच मनाईने अडले होते, त्यामुळे या तक्रारीत अगदीच तथ्य नव्हते असे नाही.

मात्र कोर्टाने एक दार उघडे ठेवले. बाधित लोक एकत्र येऊन समूह म्हणून खटला भरू शकत होते. १० जुलै रोजी न्यू हॅम्पशायरमध्ये न्यायाधीश जोसेफ लाप्लांट यांनी बाधित होऊ शकणाऱ्या सगळ्या बाळांचा एक समूह मान्य केला आणि त्या समूहापुरता आदेश रोखला. समूहच देशभर पसरलेला, त्यामुळे परिणाम जवळजवळ पूर्वीसारखाच. लाप्लांट यांची नेमणूक जॉर्ज बुश (धाकटे) यांची.

डिसेंबर २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने हेच प्रकरण सुनावणीस घेतले, आणि यावेळी प्रश्न ‘अधिकारकक्षेत असलेली’ या शब्दांच्या अर्थाचा होता. तोपर्यंत हा आदेश एकाही बाळाला लागू झालेला नव्हता.