निम्मे संरक्षण थोडे नव्हे

“लस पाजली, तरी बाळाला जुलाब झालेच, मग तिचा उपयोग काय?” हा प्रश्न आपल्या घराघरांतून ऐकू येतो. रोटा विषाणूची लस आपल्या मॉरिशसमध्येही बालकांना पाजली जाते, म्हणून या प्रश्नाचा विचार आपण शांतपणे करायला हवा.

हा विषाणू १९७३ साली मेलबर्न येथे ओळखला गेला. श्रीमंत देश असो वा गरीब, लस येण्यापूर्वी पाच वर्षांच्या आत जवळजवळ प्रत्येक मुलाला तो गाठत असे. केवळ स्वच्छतेने तो थांबत नाही. फरक पडतो तो पुढे. जेथे दवाखाना दूर, तेथे जुलाब-वांत्यांनी अंगातले पाणी संपून मूल दगावते. लस येण्यापूर्वी भारतात या विषाणूमुळे दरवर्षी सुमारे ७८ हजार बालके मरण पावत, असा तज्ज्ञांचा अंदाज होता.

भारताने स्वतःची लस तयार केली. १९८५च्या सुमारास दिल्लीच्या रुग्णालयात काही नवजात बाळांमध्ये हा विषाणू सापडला, पण ती आजारी पडली नव्हती. डॉ. महाराज किशन भान व त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याच विषाणूवर काम केले. पुढे दिल्ली, वेल्लोर आणि पुण्याजवळील वढू येथे मिळून सुमारे ६,८०० बालकांवर लसीची चाचणी झाली. गंभीर जुलाबांचे प्रमाण तिने निम्म्याहून थोडे अधिक कमी केले. २०१६ पासून ती भारताच्या सरकारी लसीकरणात आली. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटनेही अशीच एक लस काढली.

निम्मे म्हणजे अपयश, असे काहींना वाटेल. आम्हांला तसे वाटत नाही. शंभर बाळे गंभीर आजारी पडणार असतील आणि त्यांतली पन्नास वाचली, तर त्या पन्नास मातांना हा हिशेब समजावून सांगावा लागणार नाही. शिवाय जुलाब इतर जंतूंमुळेही होतात. त्यांवर ही लस चालत नाही.

तेव्हा मातापित्यांना आमची विनंती आहे: बाळ दीड महिन्याचे होताच आरोग्य केंद्रात विचारा, आणि सांगितलेल्या तारखा चुकवू नका, कारण वय उलटले की ही लस सुरू करता येत नाही. जुलाब झालेच, तर अंगावरचे दूध बंद करू नका. क्षार-साखरेचे पाणी थोडे थोडे पाजा. बाळ मलूल झाले किंवा लघवी कमी झाली, तर घरी थांबू नका. लस आणि हे पाणी, दोन्ही मिळूनच बाळाचे रक्षण होते.