विणकराच्या घरचा हिशेब

व्हिक्टोरिया राणीच्या कारकिर्दीतील इंग्लंडची भरभराट सांगताना पाठ्यपुस्तके प्रौढ पुरुष कामगाराच्या मजुरीचा आलेख पुढे करतात. १८५० नंतर तो चढत गेला, हे खरेच. परंतु लँकेशायरमधील ब्लॅकबर्न, बर्नली, प्रेस्टन या विणकामाच्या शहरांत एकट्या पुरुषाच्या मजुरीवर चालणारे घर विरळाच. तेथे मजुरी कुटुंब मिळवीत असे, आणि कुटुंब ती मिळवील हे मालक गृहीत धरून चालत.

यंत्रमागावर स्त्री-पुरुषांना विणलेल्या कापडामागे एकच दर मिळे. मालक व विणकर यांच्या वाटाघाटींतून १८५३ साली झालेल्या ब्लॅकबर्नच्या दरपत्रकात स्त्रीसाठी वेगळा रकाना नव्हता. त्या काळी हे अपूर्वच म्हटले पाहिजे. (मागांची देखरेख करणारा जॉबर मात्र पुरुषच.) पण गिरणी सुटल्यावर ही समता घराच्या उंबरठ्याबाहेरच थांबे. चूल, धुणे, बाळंतपण हा बाईचा दुसरा पाळा. त्याचा रकाना कोणत्याच दरपत्रकात नव्हता. तान्हे मूल आजीकडे नाहीतर पैसे देऊन शेजारणीकडे ठेवावे लागे. ते रडू नये म्हणून पाजले जाणारे 'गॉडफ्रेज कॉर्डियल' हे अफूमिश्रित औषध दुकानात सर्रास मिळे.

मुलाची पाळी आठव्या वर्षी येई. १८४४ च्या कायद्याने त्याला अर्धा दिवस गिरणी आणि अर्धा दिवस शाळा ठरवून दिली. ही वयोमर्यादा पुढे १८७४ च्या कायद्याने दहा, १८९१ च्या अकरा आणि १८९९ च्या कायद्याने बारा अशी सरकली. १९०९ साली ती तेरावर नेण्याविषयी कापड-कामगारांच्या संघटनांनी सभासदांचे मत घेतले, तेव्हा प्रचंड बहुमत विरोधात गेले! या आईबापांना निर्दय ठरविणे सोपे आहे. मुलाची मिळकत घरभाड्यात आधीच जमा धरलेली असेल, तर कामगार स्वतःच्याच मुलाच्या शाळेविरुद्ध हात वर करतो. चळवळीत काम करणाऱ्यांनी ही गोष्ट टाळून पुढे जाऊ नये.

हा हिशेब किती नाजूक होता, ते १८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटल्यावर दिसले. कापूस आटला, आणि एकाच गिरणीवर अवलंबून असलेल्या घरातील सगळ्या मिळकती एकदम बंद पडल्या. आधी अंथरूण-पांघरूण गहाण पडले, मग खुर्च्या-टेबले. १८६२ च्या अखेरीस सुमारे पाच लाख माणसे मदतीवर जगत होती; मदतीच्या बदल्यात पुरुषांकडून खडी फोडून घेतली जाई, मुलींना शिवणवर्गात बसविले जाई. ज्यांना काम मिळाले त्यांच्या हाती 'सुरत' नावाने विकला जाणारा आखूड धाग्याचा हिंदी कापूस आला. सूत पुनःपुन्हा तुटे, कापड कमी निघे, आणि तितकी मजुरी घटे. त्याच सुमारास खानदेश-वऱ्हाडात कापसाचे भाव चढले होते; १८६५ मध्ये युद्ध संपताच ते कोसळले. विणकर आणि शेतकरी यांची ओळख कधी झालीच नाही. मध्ये लिव्हरपूल आणि मुंबईचे दलाल उभे होते.

राणीचे निधन १९०१ च्या जानेवारीत झाले. त्याच वर्षी वसंतात लँकेशायरच्या कापड-कामगार स्त्रियांनी मताधिकाराची मागणी करणारा, २९,३५९ सह्यांचा अर्ज पार्लमेंटला सादर केला. तो घेऊन जाणाऱ्यांत दहाव्या वर्षी अर्धवेळ मजूर म्हणून गिरणीत शिरलेल्या सेलिना कूपर होत्या. मताधिकार मिळाला तो १९१८ साली, आणि तोही तिशी ओलांडलेल्या व मालमत्तेची अट पुरी करणाऱ्या स्त्रियांना. गिरणीतील अर्धवेळ मुलांची पद्धती रद्द करणारा कायदाही त्याच वर्षी झाला.