इंजिनालाही पथ्य असतं!

बालमित्रांनो, पावसाळा संपत आला, की शाळेच्या मैदानावर नाहीतर नारळाच्या वाडीत एक आवाज हमखास कानावर येतो. घर्रर्र! ग्रास कटरनं गवत कापणं चालू असतं. फवारणीच्या दिवसांत शेतातला पाठीवरचा पंप असाच ओरडतो. वादळात रस्त्यावर झाड आडवं झालं, की ते कापणारी चेनसॉही तशीच. ही सगळी छोट्या इंजिनांची मंडळी. आकारानं लहान, पण खाण्यापिण्याच्या बाबतीत भारी चोखंदळ, बरं का!

‘पेट्रोलवर चालतात ना? मग ओतलं पेट्रोल की झालं!’ असं म्हणाल, तर फसाल. का ते पाहू या.

आधी एक छोटा प्रयोग करा. दोन्ही तळहात एकमेकांवर जोरजोरात घासा. गरम झाले ना? आता हातांना खोबरेल तेल लावा आणि पुन्हा घासा. हात सुळसुळ सरकतात, तेवढे तापत नाहीत. इंजिनातही एक दट्ट्या म्हणजे पिस्टन सतत वर-खाली घासत असतो. चेनसॉ पूर्ण वेगात असताना तिचं इंजिन मिनिटाला १० हजारांहून जास्त फेरे घेतं. म्हणजे सेकंदाला दीडशेहून जास्त! मग त्याला तेल नको का?

मोटारसायकलचं इंजिन असतं फोर-स्ट्रोक. त्याचं ऑइल खाली वेगळ्या जागेत साठवलेलं असतं. टाकीत नुसतं पेट्रोल घालायचं आणि ऑइलची पातळी वेगळी तपासायची. पण झाड कापताना चेनसॉ कधी आडवी होते, कधी तिरकी. तळात साठवलेलं ऑइल तिथं जागेवर राहणार कसं? म्हणून अशा यंत्रांत बहुधा टू-स्ट्रोक इंजिन असतं. त्यात ऑइल पेट्रोलमध्येच मिसळून द्यायचं. पेट्रोलचे तुषार आत जाताना सोबत ऑइल नेतात आणि पिस्टनला माखून काढतात. घरी कुणी जुनी स्कूटर वापरली असेल, तर त्यांना विचारा. पेट्रोल पंपावर पेट्रोलसोबत ऑइल घालून घेतल्याचं ते नक्की सांगतील.

किती ऑइल घालायचं? इथं तुमचं गणित कामाला येतं. यंत्राच्या पुस्तिकेत ५०:१ असं लिहिलं असेल, तर ५० भाग पेट्रोलला १ भाग ऑइल. एक लिटर म्हणजे १००० मिलिलिटर. १००० भागिले ५० बरोबर २०. म्हणजे लिटरला २० मिलिलिटर ऑइल. प्रमाण २५:१ असेल, तर ४० मिलिलिटर. ऑइलही टू-स्ट्रोकसाठीचंच हवं. मोटारसायकलचं चालणार नाही.

ऑइल कमी पडलं किंवा राहिलंच, तर पिस्टन तापून फुगतो आणि सिलिंडरला घट्ट धरून बसतो. मेकॅनिक म्हणतो, ‘इंजिन सीझ झालं!’ मग ऐन फवारणीत पंप बंद आणि दुरुस्तीचा मोठा खर्च. ‘मग थोडं जास्तच ओतू या’ असंही नको. जास्त ऑइलनं धूर होतो, प्लगवर काजळी धरते आणि इंजिन चालू व्हायला कुरकुरतं. भाजीतल्या मिठासारखंच आहे हे!

आता आई-बाबांनी लक्ष द्यावं अशी गोष्ट. आपल्या पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळलेलं असतं. ते उसाचा रस, मळी, मका, तांदूळ यांपासून बनतं. २०२५ साली आपल्या देशानं त्याचं २० टक्क्यांचं लक्ष्य गाठलं. परदेशातून आणायचं खनिज तेल त्यामुळं थोडं कमी लागतं. पण इथेनॉलला पाण्याची ओढ फार! ते हवेतली वाफही शोषून घेतं. डब्यात पाणी जास्त झालं, की इथेनॉल पेट्रोलची साथ सोडतं आणि पाण्याला घेऊन तळाशी बसतं. या तळाच्या थरात ऑइल विरघळत नाही. टाकीतली नळी मात्र तळातूनच ओढते. म्हणजे इंजिनाला ना धड पेट्रोल, ना ऑइल! शिवाय जुन्या यंत्रांच्या रबरी नळ्या आणि पडदे इथेनॉलनं फुगतात, कडक होतात. बऱ्याच छोट्या यंत्रांच्या पुस्तिकांत १० टक्क्यांपर्यंतच इथेनॉल चालेल, असं छापलेलं असतं. तेव्हा नवं यंत्र घेताना हे जरूर विचारावं.

पथ्य सोपं आहे. लागेल तेवढंच पेट्रोल आणायचं, लागेल तेवढंच मिश्रण करायचं. डबा पेट्रोलसाठीचाच, कोरडा, घट्ट झाकणाचा हवा. त्यावर तारीख आणि प्रमाण लिहायचं. महिनाभरात ते संपवायचं. हंगाम संपला, की टाकी रिकामी करायची आणि इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवायचं. म्हणजे पुढच्या वर्षी दोरी ओढून ओढून हात दुखणार नाहीत.

चेनसॉला दोन झाकणं असतात, हेही ध्यानात ठेवा. एक इंधनाचं, दुसरं साखळीला लागणाऱ्या तेलाचं. त्यांची अदलाबदल झाली, की घोटाळाच!

आणि हो, पेट्रोल ओतायचं काम मोठ्यांचंच. तेही गरम इंजिन थंड झाल्यावर, मोकळ्या हवेत, चूल, विडी-सिगारेट यांपासून लांब. पेट्रोलची वाफ दिसत नाही, पण एका ठिणगीनं भडकते. तुमचं काम हिशेबाचं. पुस्तिका वाचा, प्रमाण शोधा, गुणाकार-भागाकार करून मोठ्यांना आकडा सांगा.

तर आता एक हिशेब करा पाहू. पंपाच्या पुस्तिकेत ४०:१ लिहिलं आहे. बाबांनी ३ लिटर पेट्रोल आणलं. ऑइल किती मिलिलिटर मोजायचं? उत्तर वहीत लिहून ठेवा आणि पुढच्या अंकाशी ताडून पाहा!