आधी घमेलं, मग वाघ!

केनिया-टांझानियाच्या टूर्समध्ये एक प्रकार आता चांगलाच रुळलाय. पहिले काही दिवस मसाई लोकांच्या गावात राहायचं, शाळेच्या भिंती रंगवायच्या, पोरांना इंग्रजी शिकवायचं. उरलेले दिवस जीपमधून सिंह, हत्ती, जिराफ. पुण्य प्लस सफारी, एकाच तिकिटात! आंबिवलीच्या सकाळच्या लोकलमध्ये आमच्या ग्रुपात हा विषय निघाला तेव्हा दोघी-तिघी लगेच हिशेबाला लागल्या. विमानाचं भाडं, व्हिसा, पिवळ्या तापाची लस... टिटवाळ्याहूनच भरून आलेल्या डब्यात उभ्या उभ्या पाहिलेलं आफ्रिकेचं स्वप्न शहाड यायच्या आत विरघळलं.

पण मंडळी, आयडिया वाईट नाही. फक्त पत्ता बदला. कल्याणला विदर्भ किंवा सेवाग्राम एक्स्प्रेस पकडा, सकाळी नागपूर, तिथून चंद्रपूर. पासपोर्टची गरज नाही, भाषा आपली आणि वाघ शंभर टक्के ओरिजिनल.

चंद्रपूर जिल्ह्यात मूल तालुक्यात सोमनाथ आहे. बाबा आमट्यांच्या महारोगी सेवा समितीचा हा प्रकल्प. आनंदवन सगळ्यांना माहीत असतं, सोमनाथचं नाव त्या मानानं कमी ऐकलेलं. कुष्ठरोगातून बरे झालेल्या लोकांनी इथं जंगलाच्या कडेला भाताची शेती उभी केली. साठच्या दशकाच्या अखेरीपासून इथं दर मे महिन्यात तरुणांची श्रमसंस्कार छावणी भरते. तारखा वर्षानुवर्षं ठरलेल्या, १५ ते २२ मे. म्हणजे विदर्भाचं ऊन ऐन भरात असताना! (हो, बाबांनी मुद्दामच तो महिना निवडला असणार, अशी माझी दाट शंका आहे.)

मी गेले तेव्हा आठ दिवसांची रजा मागताना बॉसनं विचारलं, "रिसॉर्ट कुठलं?" मी म्हटलं, "सर, कुदळ-फावडं मिळतं, एवढं नक्की."

दिवस उजाडायच्या आधी सुरू होतो. थोडं पोटात ढकलायचं, रांगेत उभं राहायचं आणि माती हलवायची. कुणी खणतं, कुणी घमेली भरतं, बाकीचे साखळी करून ती हातोहात पुढे देतात. पहिल्या दिवशी तळहाताला फोड, दुसऱ्या दिवशी कंबर, तिसऱ्या दिवशी... तिसऱ्या दिवशी दुखणं कुठे कुठे आहे हे मोजायचं आपण सोडून देतो. ऊन चढलं की काम बंद. मग व्याख्यानं, चर्चा, वाद आणि संध्याकाळी गाणी. एसीची सवय असलेले आम्ही सगळे झाडाखाली ढाराढूर झोपायचो.

आमच्या घमेल्याच्या रांगेत ठाण्याचा एक इंजिनियर होता. चौथ्या दिवशी त्यानं तो प्रश्न विचारलाच. "हे सगळं एक जेसीबी अर्ध्या दिवसात करेल. मग आपण इथं काय करतोय?"

प्रश्न एकदम बरोबर आहे. मसाई गावातल्या रंगवलेल्या भिंतीलाही तो लागू पडतो. तिथला गवंडी ती भिंत आपल्यापेक्षा चांगली रंगवेल आणि त्याला रोजही मिळेल. आठवडाभर शिकवायला आलेल्या पाहुण्यांची सवय लागलेल्या पोरांना दर आठवड्याला नवीन 'टीचर' मिळतो आणि दर शनिवारी तो टाटा करून निघून जातो. हे ज्यानं त्यानं स्वतःशी कबूल करावं.

सोमनाथचा फरक मला जेवणाच्या पंगतीत कळला. ताटातला भात इथल्याच शेतातला. तो पिकवणाऱ्यांपैकी कित्येकांची बोटं झडलेली. एके काळी ज्यांना गावानं, घरानं बाहेर काढलं ते लोक आम्हा धडधाकट शहरी पोरापोरींना खायला घालत होते. मदत कोण कुणाला करतंय? बाबांचा दानधर्मावर विश्वास नव्हता, कामावर होता, हे शाळेच्या पुस्तकात वाचलं होतं. इथं ते ताटात वाढून मिळतं. (आणि आईला आधीच सांगून ठेवा, कुष्ठरोग औषधांनी पूर्ण बरा होतो, पंगतीला शेजारी बसल्यानं होत नाही. माझ्या आईचे तीन फोन वाचले असते!)

म्हणजे जेसीबीचं उत्तर असं, की छावणी खड्ड्यासाठी नाहीच, खणणाऱ्यासाठी आहे. आणि ती तसं उघड सांगते, 'तुम्ही गावाचा उद्धार करताय' असली थाप मारत नाही. १९८५ साली बाबा कन्याकुमारीहून 'भारत जोडो' करत काश्मीरकडे निघाले, तेव्हा सोबत सायकलवर होती ती अशीच तरुण पोरंपोरी.

आता सफारी! सोमनाथहून चंद्रपूर साधारण तासाभरावर, तिथून ताडोब्याचं मोहर्ली गेटही तेवढंच. महाराष्ट्राचं हे सगळ्यात जुनं राष्ट्रीय उद्यान, १९५५ सालचं. १९९५ मध्ये अंधारी अभयारण्यासकट व्याघ्र प्रकल्प झालं. मे महिन्यात पाणवठे आटतात, उरलेल्या पाण्यावर वाघ येतोच, म्हणून हाच हिट सीझन.

आम्हाला बफरच्या फेरीला गाइड मिळाली ती तिथल्याच गावातली, माझ्याच वयाची. वाघ दिसला. रस्त्याच्या कडेला पाण्यात बसलेला, आमच्याकडे ढुंकूनही न बघणारा. सहा जणांचा श्वास अडकलेला. जिप्सी पुढे निघाल्यावर मी तिला म्हटलं, "ताई, तुमची काय मजा, रोज बघायला मिळतो."

ती हसली. "ताई, तुमी पैसे देता वाघ पाहाले. आमची सासू तेंदू तोडाले जाते तं देवाले म्हणते, आज वाघ नको दिसू देऊ."

तेंदूपत्त्याचा हंगाम मे महिन्यातच असतो. छावणी मे महिन्यात, सफारीची गर्दी मे महिन्यात आणि पहाटे जंगलात वाकून पानं तोडणाऱ्या बायाही मे महिन्यातच. २०२५च्या मे मध्ये शेजारच्या सिंदेवाही तालुक्यात तेंदूपत्ता तोडायला गेलेल्या तीन बायका एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात गेल्या. वर्षभराचं मीठ-मिरची, पोरांच्या वह्या या पानांच्या पैशातून निघतात, म्हणून त्या जातात. तो आणि मी पाहिलेला वाघ, दोघं एकाच जंगलाचे.

ताडोबा हे नावही तिथूनच आलंय. तारू नावाचा गोंड गावप्रमुख वाघाशी झुंजताना मेला आणि लोकांनी त्याचा देव केला, अशी आख्यायिका आहे. तळ्याच्या काठी त्याचं ठाणं आहे, पौषात तिथं यात्रा भरते. वाघानं मारलेल्या माणसाच्या नावाचं जंगल आपण वाघ बघायला बुक करतो! पुढे व्याघ्र प्रकल्पाच्या गाभ्यातली नवेगाव, जामणी अशी गावं बाहेर हलवली गेली. मसाईंचंही काही वेगळं नाही. १९५९ मध्ये सेरेंगेटीतून त्यांना गुरांसकट उठवून गोरोंगोरोकडे पाठवलं. पॅकेजमधलं 'मसाई गाव' आणि पॅकेजमधली 'सफारी' यांच्यामध्ये हा इतिहास आहे, ब्रोशरमध्ये तो नसतो.

मग जायचं की नाही? जायचंच! सफारीच्या पैशावर गाइड, जिप्सीवाला, होमस्टेवाली ताई यांची घरं चालतात. गावाला वाघाचं नुकसानच तेवढं दिसलं, तर वाघ टिकणार नाही. म्हणून जाताना एवढं पाळा.

छावणी आधी, सफारी नंतर. उलट केलंत तर माती खणायला हात उचलणार नाही, आणि आठ दिवसांनी जंगलात वाघाखेरीज माणसंही दिसायला लागतात.

एक तरी फेरी बफर गेटमधून करा, मुक्काम गावातल्या होमस्टेत. पैसा गावात राहतो.

मंगळवारी ताडोबा बंद असतो, पावसाळ्यात जुलै ते सप्टेंबर गाभाही बंद. बुकिंग ऑनलाइन, लवकर करा, ओळखपत्र ठेवा. कोअरमध्ये मोबाइल नेता येत नाही, त्यामुळे सेल्फीचं टेन्शन आपोआप गेलं.

पोरांना चॉकलेटं वाटू नका, विचारल्याशिवाय बायांचे फोटो काढू नका. आपल्या बिल्डिंगच्या गेटवर कुणी येऊन आपल्या आईचे फोटो काढले तर चालतील का?

आणि रजाच नाही म्हणणाऱ्यांसाठी... कसारा लोकल आंबिवलीलाही थांबते. आटगावला उतरलं की तानसा अभयारण्य जवळच. तिथल्या धरणाचं पाणी मुंबईला जातं आणि शहापूरचे पाडे दर उन्हाळ्यात टँकरची वाट बघतात. तिथं बिबट्या दिसेल याची गॅरंटी नाही, हंड्यांची रांग मात्र नक्की दिसेल.

मे महिना वाटतो तेवढा लांब नाही. रजेचा अर्ज आत्ताच टाकून ठेवा, छावणीच्या तारखा एकदा तपासून घ्या, आणि टोपी, पाण्याची बाटली व सुती कपडे विसरू नका. चंद्रपूरचं ऊन कुणालाही डिस्काउंट देत नाही!