जमिनीच्या पोटांतील लोखंड

गेल्या मासांत आमच्या काकूंच्या पाठीचें दुखणें बळावलें आणि डॉक्टरांनीं एम. आर. आय. काढून आणावयास सांगितलें. परिचारिकेनें त्यांच्या हातांतील पाटल्या, कानांतल्या कुड्या, केसांतले आंकडे, इतकेंच नव्हे तर मंगळसूत्रहि उतरवून ठेविलें. घरीं आल्यावर काकूंनीं विचारलें, "माझ्या अंगावरची टांचणीसुद्धां ज्यांना चालत नाहीं, त्यांना त्या खोलीच्या जमिनींतल्या सळया कशा चालतात?" प्रश्न हंसण्यावारी नेण्याजोगा खास नव्हता.

या यंत्राचा जीव म्हणजे त्यांतील चुंबक. नेहमींच्या यंत्राची शक्ति दीड टेस्ला, म्हणजे होकायंत्राची सुई हलविणाऱ्या पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या सुमारें ३०,००० पट असते. रुग्ण नसतांनाहि, रात्रीं दिवे मालविल्यावरहि, हा चुंबक जागाच असतो. जानेवारी २०१८ मध्यें मुंबईच्या एका रुग्णालयांत प्राणवायूचा सिलिंडर त्या खोलींत नेला गेला, आणि तो नेणारा तरुण प्राणास मुकला.

काँक्रीटमध्यें रुतलेली सळई अशी उडून येत नाहीं. तिचा उपद्रव निराळा आहे. चित्र नीट उमटावयाचें तर रुग्णाभोंवतींचें चुंबकक्षेत्र दहा लक्षांत कांहीं थोड्या भागांइतकेंहि असमान असून चालत नाहीं, आणि खालचें लोखंड तें क्षेत्र आपणाकडे ओढून वांकडें करतें. स्थिर लोखंडाचा दोष चुंबकांत लहान पट्ट्या बसवून कांहीं मर्यादेपर्यंत काढतां येतो. म्हणून यंत्र बनविणारे किती खोलीवर, दर चौरस मीटरास किती किलो लोखंड चालेल, याचें कोष्टकच देतात. शेजारून वर-खालीं जाणाऱ्या लिफ्टला मात्र हा उपाय लागू पडत नाहीं. ती दूरच ठेवावी लागते.

आतां खरी पंचाईत पाहा. क्ष-किरणांच्या खोलीच्या जमिनीवर दर चौरस मीटरास सुमारें ३०० किलो भार धरावा, असें भारतीय मानक सांगतें. सहा टनांचा चुंबक तीन चौरस मीटर जागेवर बसला, तर तोच भार २,००० किलोंवर जातो. काँक्रीट दाब सोसतें, पण ताण सोसत नाहीं. स्लॅबच्या खालच्या अंगास ताण येतो आणि तो सळयाच घेतात. भार वाढला कीं सळया वाढवाव्या, आणि येथें तर त्या कमी करा म्हणून आज्ञा!

एक मार्ग म्हणजे चुंबकाला न भुलणाऱ्या जातीचें स्टेनलेस पोलाद. काम बिनधोक, पण पैसा फार. दुसरा मार्ग कांचतंतु राळेंत बसवून केलेल्या सळयांचा. त्या वजनानें पोलादाच्या चौथ्या हिश्श्याच्या, ताणास भक्कम, आणि चुंबकाशीं त्यांचें कांहींच देणेंघेणें नाहीं. परंतु त्यांचा ताठरपणा पोलादाच्या चौथ्या-पांचव्या हिश्श्याइतकाच असल्यानें स्लॅब अधिक वांकतो आणि भेगा रुंदावतात. त्यामुळें येथें बहुधा स्लॅब मोडेल काय यापेक्षां तो किती वांकेल, यावरच त्याची जाडी ठरते. आणि जाडी वाढली कीं त्याचें स्वतःचें ओझें वाढतें. शिवाय पोलाद तुटण्यापूर्वीं लांबतें, म्हणजे सूचना देतें. कांचतंतूची सळई एकाएकीं तुटते. म्हणून हिशेब असा उलटा करितात कीं, सळई तुटण्याआधीं वरचें काँक्रीट चिरडावें.

माझें मत विचाराल तर असलें यंत्र तळमजल्यावर, भरीव भूमीवर बसवावें. निम्मी काळजी तेथेंच मिटते. पण तळमजल्यावर औषधांचें दुकान चांगलें चालतें, आणि चुंबक वरच्या मजल्यावर चढतो! मग ज्या वाटेनें त्याला ओढून न्यावयाचें तेथील प्रत्येक स्लॅबहि तपासावा लागतो.

इतकें गणित करूनहि काम गवंड्याच्या हातीं जातें. कांचतंतूची सळई जागेवर वांकवितां येत नाहीं. वांक कारखान्यांतूनच करून आणावे लागतात. सळया बांधावयास संवयीनें लोखंडी तार घेतली, तर टाळलेलें लोखंड पुनः आंत शिरतें; तेथें प्लास्टिकचे बंद घ्यावे लागतात. सळयांखालचे टेकूहि प्लास्टिकचेच. म्हणून काँक्रीट ओतण्याच्या आदल्या सायंकाळीं देखरेख करणाऱ्यानें हातांत साधा चुंबक घेऊन सारी जाळी फिरून पाहावी, आणि साचांत पडलेले खिळे वेंचून काढावे.