खलाशांची नावे

३ ऑगस्ट १४९२ रोजी स्पेनमधील पालोस बंदरातून तीन जहाजे पश्चिमेच्या अज्ञात समुद्रात निघाली. त्यांच्या नायकाचे, कोलंबसाचे, नाव शाळकरी मुलांनाही ठाऊक असते. परंतु त्या जहाजांची शिडे ओढणारे आणि सुकाणू सांभाळणारे हात कोणाचे होते? चारशे वर्षे या प्रश्नाला धड उत्तर नव्हते. ते सारे तुरुंगातून सोडलेले गुन्हेगार होते, ही दंतकथा मात्र सर्वत्र रूढ झाली होती.

ती मोडीत काढली ॲलिस गूल्ड या अमेरिकन विदुषीने. १८६८ साली मॅसॅच्युसेट्समध्ये जन्मलेल्या गूल्डबाई एका नामांकित खगोलशास्त्रज्ञाच्या कन्या. वडील अर्जेंटिनातील कोर्दोबाच्या वेधशाळेचे संचालक असल्याने स्पॅनिश भाषा त्यांच्या कानांवर बालपणीच पडली. त्यांचे शिक्षण गणिताचे; इतिहासाची पदवी त्यांच्यापाशी नव्हती. १९११ साली त्या स्पेनमध्ये गेल्या आणि तेथील दप्तरखान्यांत अशा रमल्या, की पुढील आयुष्याची बहुतेक वर्षे त्यांनी त्या कामाला वाहिली.

पगाराच्या नोंदी, दावे-फिर्यादी असे जे कागद इतरांनी क्षुल्लक मानले, तेच त्यांनी एकेक करून चाळले. १९२४ पासून त्यांची यादी स्पेनच्या राजेशाही इतिहास अकादमीच्या नियतकालिकात क्रमशः प्रसिद्ध होऊ लागली. सुमारे नव्वद खलाशांपैकी ८७ जणांची नावे त्यांनी पुराव्यानिशी निश्चित केली. त्यांत शिक्षा झालेले निघाले अवघे चार! एकाच्या हातून भांडणात खून झाला होता. उरलेल्या तिघांचा अपराध एवढाच, की त्यांनी त्या मित्राला तुरुंगातून पळवले. बाकीचे सारे कष्टाळू दर्यावर्दी होते. २५ जुलै १९५३ रोजी, वयाच्या ८५ व्या वर्षी, सिमांकासच्या दप्तरखान्याच्या दारातच या ज्ञानतपस्विनीने देह ठेवला. त्यांचे संशोधन ग्रंथरूपाने प्रसिद्ध होण्यास १९८४ साल उजाडले.

आमच्या किनाऱ्याने या चरित्रापासून काय घ्यावे? गोव्याचा दप्तरखाना १५९५ सालचा. दियोगो दो कौतो हा त्याचा पहिला रक्षक. लिस्बन आणि गोवा यांच्यामधील शतकांचा पत्रव्यवहार आज पणजीत जपून ठेवलेला आहे. व्हाइसरॉयांची नावे आम्हांस पाठ असतात. पण या समुद्रावर पिढ्यान् पिढ्या गलबते हाकणाऱ्या आमच्या खारवी-तांडेलांची नावे कोणी शोधावयाची? त्या कागदांत त्यांतील किती सापडतील, हे आज सांगता येणार नाही. मात्र शोधल्यावाचून ती सापडणार नाहीत, हे निश्चित. पूर्वजांच्या दर्यावर्दीपणाचा अभिमान सभांतून मिरवणे सोपे आहे. जुन्या पोर्तुगीज वळणाचे अथवा मोडीतले एक पान वाचणे अवघड आहे.

म्हणूनच आमचे आग्रहाचे सांगणे असे, की आमच्या महाविद्यालयांनी या दोन्ही लिप्यांच्या वाचनाचे वर्ग नेटाने चालवावेत, आणि शासनाने त्यातील होतकरू मुलामुलींना शिष्यवृत्त्या द्याव्यात. राजांची नावे शिलालेख जपतात. खलाशांची नावे जपावयास कोणी तरी आयुष्य वेचावे लागते.