विसरणाऱ्याची नोंद होते, सांभाळणाऱ्याचे काय?

दरवर्षी २१ सप्टेंबरला जागतिक अल्झायमर दिन पाळला जातो. त्या निमित्ताने शहरांतून फेऱ्या निघतात, रुग्णालयांत स्मरणशक्ती तपासणीची शिबिरे भरतात आणि शब्दकोडी सोडवा, अक्रोड खा, असे सल्ले वृत्तपत्रांच्या पुरवण्यांतून (आमच्याही) दिले जातात. आजार होऊ नये, झालाच तर लवकर कळावा, यासाठी हे सारे योग्यच आहे. मात्र ज्या घरात तो आधीच शिरला आहे त्या घराला २२ सप्टेंबरपासून कोणता आधार मिळतो, हा प्रश्न अनुत्तरितच राहतो.

अशी घरे थोडीथोडकी नाहीत. देशातील वृद्धांच्या व्यापक पाहणीवर आधारलेल्या 'लासी-डॅड' या अभ्यासाचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. साठ व त्याहून अधिक वयाच्या भारतीयांपैकी ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख व्यक्तींना स्मृतिभ्रंश असावा, असा त्यातील अंदाज आहे. पुरुषांपेक्षा स्त्रियांत आणि शहरांपेक्षा ग्रामीण भागात हे प्रमाण अधिक आढळले. याचाच अर्थ, जिथे मेंदूविकारतज्ज्ञ शोधूनही सापडत नाही तिथे रुग्ण जास्त आहेत. तिथे आजही 'साठी बुद्धी नाठी' किंवा 'म्हातारचळ लागला' एवढ्यावरच निदान आटोपते. डोनेपेझिलसारखी औषधे काही काळ लक्षणे सौम्य करतात. अमेरिकेत २०२३ मध्ये पूर्ण मान्यता मिळालेले लेकॅनेमॅब आजाराचा वेग कमी करते, पण तेही केवळ प्रारंभीच्या टप्प्यात आणि मोठ्या खर्चाने. गेलेली स्मृती परत आणणारे औषध अद्याप नाही. उरते ती वर्षानुवर्षांची शुश्रूषा, आणि आपल्याकडे ती बहुतांशी घरातच होते.

या शुश्रूषेचे स्वरूप बाहेरच्यांना सहसा कळत नाही. अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाची सेवा दिसते आणि तिचे कौतुकही होते. स्मृतिभ्रंशाचा रुग्ण मात्र अनेकदा चालता-फिरता, पाहुण्यांशी हसून बोलणारा असतो. अर्ध्या तासासाठी आलेल्या नातेवाइकाला आजोबा 'अगदी ठणठणीत' वाटतात. जेवून हात धुतल्यावर दहा मिनिटांत 'मला सकाळपासून कोणी जेवायला दिले नाही' असे ते शेजाऱ्यांना सांगतात, तेव्हा शेजाऱ्यांच्या नजरेत सून गुन्हेगार ठरते. आजी बांगड्या स्वतःच कुठेतरी ठेवतात आणि चोरीचा आळ कामवाल्या मावशींवर किंवा पोटच्या मुलीवर घेतात. दिवस कलताना अस्वस्थता वाढते, चाळीस वर्षे राहिलेल्या घरात 'मला घरी जायचे आहे' असा हट्ट सुरू होतो आणि रात्री दाराची कडी वाजते. नॅन्सी मेस आणि पीटर रॅबिन्स यांनी अशा कुटुंबांसाठी १९८१ मध्ये लिहिलेल्या इंग्रजी पुस्तकाच्या नावातच दिवस छत्तीस तासांचा आहे, तो उगाच नव्हे.

या थकव्यापेक्षाही अवघड असते ते दुःख. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ पॉलीन बॉस यांनी त्याला संदिग्ध वियोग म्हटले आहे. माणूस समोर बसलेला आहे, पण आपल्याला ओळखणारा तो माणूस आता नाही. मृत्यूनंतर दुःखाला वाट करून देण्याच्या रीती आपल्याकडे आहेत. लोक भेटायला येतात, शेजारून पिठले-भात येतो, तेरा दिवस घर एकटे राहत नाही. इथे वियोग आठ-दहा वर्षे चालू राहतो आणि त्यासाठी कोणी भेटायला येत नाही. उलट येणे-जाणे कमी होते. रुग्ण चारचौघांत काही बोलेल या संकोचाने घरचेच लग्नकार्ये टाळू लागतात. त्यातच कधीतरी 'हे आता संपावे' असा विचार मनाला चाटून जातो, आणि त्या विचाराची शरम कोणाजवळ बोलताही येत नाही.

सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या 'अस्तु' या चित्रपटाने ही घुसमट मराठी पडद्यावर आणली. संस्कृतचे निवृत्त प्राध्यापक चक्रपाणी शास्त्री हत्तीच्या मागे चालत हरवतात, आणि त्यांना सांभाळते ती माहुताची बायको. तिला आजाराचे नावही ठाऊक नाही. ती त्यांना दुरुस्त करायला जात नाही, एवढेच. शास्त्रींची भूमिका करणारे डॉ. मोहन आगाशे स्वतः मनोविकारतज्ज्ञ आहेत. या चित्रपटाच्या निमित्ताने त्यांनी ठिकठिकाणी प्रेक्षकांशी स्मृतिभ्रंशावर संवादही साधला.

दुरुस्त करायला न जाणे, ही गोष्ट वाटते तितकी साधी नाही. 'बाबा, तुम्ही निवृत्त होऊन वीस वर्षे झाली' हे वाक्य सत्य असते, पण कचेरीला निघालेल्या बाबांना त्यातून केवळ अपमान पोहोचतो. आयोवा विद्यापीठातील संशोधकांनी २०१४ मध्ये अल्झायमरच्या रुग्णांना करुण आणि आनंदी चित्रफिती दाखवल्या. काय पाहिले ते रुग्ण लवकरच विसरले, परंतु त्यातून निर्माण झालेली भावना मागे रेंगाळत राहिली. घटना पुसली तरी दुखावले गेल्याची भावना उरते. म्हणूनच 'डबा होईपर्यंत चहा घेऊ' हे उत्तर वास्तवाची आठवण करून देण्यापेक्षा अधिक उपयोगी ठरते. तेच प्रारंभीच्या टप्प्याविषयी. आपल्याला काहीतरी होते आहे हे रुग्णाला तेव्हा कळत असते, भीती वाटत असते. कुटुंब मात्र डॉक्टरांना 'त्यांना सांगू नका' अशी विनवणी करते. परिणामी ज्या काळात तो आपल्या इच्छा सांगू शकला असता, तोच काळ लपवाछपवीत जातो. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ नुसार पुढील उपचारांविषयी पूर्वनिर्देश लिहून ठेवता येतात, प्रतिनिधी नेमता येतो. पण त्यासाठी निर्णयक्षमता शाबूत असावी लागते.

हे सारे कुटुंबाला शिकवणार कोण? याचे उत्तर आपल्या शेजारीच, गोव्यात, तपासून पाहिले गेले आहे. तेथील दोन तालुक्यांत डॉ. अमित डायस आणि सहकाऱ्यांनी केलेल्या प्रयोगाचे निष्कर्ष २००८ मध्ये प्रसिद्ध झाले. ८१ कुटुंबांची चिठ्ठ्या टाकाव्यात तशी दोन गटांत विभागणी करण्यात आली. एका गटाकडे सहा महिने, पंधरवड्यातून किमान एकदा, गृहसल्लागार जात असे. हे सल्लागार डॉक्टर नव्हते, परिचारिकाही नव्हत्या. किमान बारावीपर्यंत शिकलेल्या, कोंकणी उत्तम बोलणाऱ्या स्थानिक व्यक्तींना आठवडाभराचे प्रशिक्षण देण्यात आले होते आणि त्यांच्या पाठीशी समुपदेशक व मनोविकारतज्ज्ञ होते. आजार समजावून सांगणे, अवघड वागणुकीला कसे सामोरे जावे ते सुचवणे, घरातील इतरांना कामात सामील करून घेणे आणि ऐकून घेणे, असे त्यांच्या कामाचे स्वरूप होते.

निष्कर्ष बारकाईने पाहावा असा आहे. रुग्णांच्या वागणुकीत आणि क्षमतांत संख्याशास्त्राच्या कसोटीवर ठोस म्हणता येईल असा फरक पडला नाही. पण त्या वागणुकीचा शुश्रूषा करणाऱ्यांना होणारा मनस्ताप घटला आणि त्यांचे मानसिक आरोग्य सुधारले. आजार तोच राहिला, सोसणे हलके झाले. नमुना लहान होता हे मान्य. तरीही एवढ्या अल्प खर्चात एवढे साधणारी दुसरी उपाययोजना या क्षेत्रात सहजी दाखवता येणार नाही. असे असताना तिचा राज्यव्यापी विस्तार महाराष्ट्राने का करू नये, याचे समाधानकारक कारण दिसत नाही.

यंत्रणाच नाही असेही म्हणता येत नाही. केरळने २०१४ मध्ये स्मृतिभ्रंशासाठी स्वतंत्र राज्य उपक्रम हाती घेतला. वृद्धांच्या आरोग्यसेवेचा राष्ट्रीय कार्यक्रम २०१० पासून अस्तित्वात आहे. २०२४ मध्ये ७० वर्षांवरील सर्वांना आयुष्मान भारत योजनेत सामावून घेण्यात आले. मात्र ते संरक्षण मुख्यतः रुग्णालयात दाखल होण्याच्या खर्चाचे आहे. दिवसा चार तास आजींना सांभाळणारे केंद्र किंवा ब्युरोतून येणाऱ्या मावशींचा पगार त्यात बसत नाही. १४४१६ हा 'टेलि-मानस'चा आणि १४५६७ हा ज्येष्ठांसाठीचा दूरध्वनी क्रमांक आहे, तेथे शुश्रूषा करणाऱ्यांनीही जरूर बोलावे. केंद्र सरकारच्या महिला कर्मचाऱ्यांना अपत्यांच्या संगोपनासाठी संपूर्ण सेवाकाळात ७३० दिवसांपर्यंत रजा मिळते, ही चांगली तरतूद आहे. आई-वडिलांच्या शुश्रूषेसाठी तशी स्वतंत्र रजा नाही.

सर्वांत बोलके उदाहरण आशा सेविकांच्या हातातील अर्जाचे आहे. असंसर्गजन्य आजारांच्या तपासणीसाठी घरोघरी भरून घेतल्या जाणाऱ्या या अर्जात साठीपुढील व्यक्तींसाठी एक प्रश्न असतो: जवळच्यांची नावे किंवा घराचा पत्ता विसरता का? 'हो' उत्तर आल्यास आरोग्य केंद्राकडे पाठवायचे. केंद्रावर रक्तदाब मोजला जातो, गोळ्या दिल्या जातात आणि रुग्ण त्याच सुनेसोबत त्याच घरी परततो. गोव्यातील गृहसल्लागार जिथे काम सुरू करत असे, नेमके तिथे आपली व्यवस्था थांबते. हे कामही आशांच्याच माथी मारण्याचा मोह सरकारला होईल. मानधनासाठी २०२३ च्या अखेरीस आणि २०२४ च्या आरंभी संपावर जावे लागलेल्या या महिलांवर ते लादणे न्याय्य ठरणार नाही. तालुक्याला दोन-तीन प्रशिक्षित, पगारी गृहसल्लागार आणि त्यांच्या मागे जिल्हा रुग्णालयातील मनोविकारतज्ज्ञ, एवढ्यापासून एखाद्या जिल्ह्यात सुरुवात करता येईल. आशांच्या अर्जांतील 'हो' ही उत्तरे एकत्र केली, तर जायचे कोणाच्या घरी याची यादीही तयार होईल.